घळीतली मोजणी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती, तर मी माझ्याच वडिलांना त्यात घातलं नसतं.

जे घडलं ते माझ्या मामाच्या बाबतीत घडलं. त्याने ते मला आणि आईला समोर बसवून सांगितलं, आणि सांगताना एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. नंतर मी मामेबहिणीला वेगळं गाठून विचारलं. बरोबर गेलेल्या दातांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. तिघांचं सांगणं तंतोतंत जुळलं.

जुळलं नसतं तर बरं झालं असतं.

भुताच्या गोष्टीला लोक रात्र धरतात. इथे रात्र नव्हती. उन्हाळा संपत आला होता, रविवार होता आणि दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. वर वाळवंटात ऊन असं, की दगडावर हात टेकला तर फोड यावा. आणि खाली घळीत...

खाली घळीत संध्याकाळ होती. तिथे कायमच संध्याकाळ असते.

घळ कशी आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सपाट वाळवंटाला मध्येच एक भेग पडली आहे. वरून पाहिलं तर एका ढांगेत ओलांडू असं वाटतं. आत मात्र ती दीडशे फूट खोल जाते. दोन्ही बाजूंना तांबडे, गुळगुळीत कडे. काही ठिकाणी इतकी अरुंद, की पाठीवरची बॅग काढून आडवं सरकावं लागतं. आकाश वर रिबिनीएवढं दिसतं.

वाटेत चार टप्पे आहेत. टप्पा म्हणजे सरळसोट कडा. प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात लोखंडी कडी ठोकलेली आहे. कडीतून दोर ओवायचा, दोन्ही टोकं खाली सोडायची आणि उतरायचं. सगळे उतरले की एक टोक ओढायचं. अख्खा दोर सुटून खाली येतो. तोच दोर पुढच्या टप्प्याला.

आणि एकदा दोर ओढला, की परत वर जाता येत नाही.

ओढताना वरून दगड सुटतात. म्हणून ओढणारा माणूस टोक हातात घेऊन पुढच्या वळणाआड जाऊन थांबतो. तिथून त्याला कडा दिसत नाही. कोण उतरलं, कोण राहिलं, काही दिसत नाही. म्हणून मोजणी असते. पहिला ओरडतो, 'एक'. मग दोन, मग तीन. शेवटच्या माणसाने पाय टेकले, दोरातून सुटला, बाजूच्या कपारीत सरकला, की तो आपला आकडा म्हणतो. तो आला की दोर ओढायचा. त्याआधी नाही.

मामाने आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, वीस वर्षं हाच धंदा केला. हौशी लोकांना घळीतून पार करून द्यायचं. मामा कायम पहिला. अण्णा कायम शेवटचे.

अण्णांची एक सवय होती. काहीही बोलण्याआधी ते खाकरायचे. फोनवर, बँकेत, कुठेही. आईला पाहायला गेले तेव्हासुद्धा नाव सांगण्याआधी असे खाकरले, की आजीने विचारलं, "मुलाला जुना खोकला आहे का?" घळीतही तेच. मोजणीत सगळ्यांचे आकडे पटापट यायचे, आणि अण्णांच्या आधी ते एक सावकाश खाकरणं. मामा वैतागायचा. "दाजी, अहो आकडा म्हणायचाय, भाषण नाही करायचं!"

अकरा वर्षांपूर्वी अण्णा घळीतून परत आले नाहीत.

आम्हाला सांगितलं गेलं ते असं. दूर कुठेतरी पाऊस झाला, घळीत लोंढा आला. अण्णा सगळ्यांबरोबर शेवटच्या टप्प्यावरून खाली उतरले होते, पण मागे चालत होते, पाण्याने त्यांना नेलं. बरोबरच्या दोन पाहुण्यांनीही तेच सांगितलं. मोजणीत 'चार' आलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

अण्णा सापडले नाहीत. एक बूटही सापडला नाही.

मामाने त्या दिवसापासून दोराला हात लावला नाही. बॅगा आणि बूट दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. माझी फी भरली, आईला मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात नेलं-आणलं. मला वाटायचं, असा मामा नशिबाने मिळतो.

आता मामेबहीण. तिला सगळे खारूताई म्हणतात. दोन वर्षांची असताना ती कपाटावर चढून बसली होती, तेव्हापासून. आता बावीस वर्षांची आहे आणि तिने बापाला न विचारता दोरकामाचं शिक्षण घेतलं. मामाने आकांडतांडव केलं. मामी मध्ये पडली. खारूताई म्हणाली, "बाबा, मी त्या घळीत जाणार. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर, नाही आलात तर तुमच्याशिवाय."

तिचा पहिला पाहुणा म्हणजे ते दातांचे डॉक्टर. चाळिशीच्या आत काहीतरी धाडस करायचं म्हणून आलेले.

आणि मामा गेला. पोरीवर नजर ठेवायला. तिला काही होऊ नये, एवढ्याच एका गोष्टीसाठी तो अकरा वर्षांनी त्या भेगेत उतरला.

मामाचा गुडघा दुखरा. त्यामुळे ठरलं असं, की मामा पहिला, डॉक्टर मधे आणि खारूताई शेवटी. मामाला ते पटलं नव्हतं. पण शेवटच्या माणसाला वर एकट्याने कडी आणि दोर तपासायचा असतो, ओणवं व्हावं लागतं, आणि गुडघा वाकत नव्हता.

सकाळी नऊला ते आत शिरले. आभाळ निरभ्र. मामाने तीन वेळा पाहिलं.

पहिला टप्पा सोपा होता, वीस फुटांचा. मामा उतरला, डॉक्टर उतरले, दोघं वळणाआड गेले.

"मोजा! एक!"

"दोन!" डॉक्टर हौसेने ओरडले.

"तीन!" खारूताईचा आवाज.

मामा दोर ओढणार तेवढ्यात...

कुणीतरी खाकरलं.

मामाचे हात थांबले. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बाटलीतून पाणी पीत होते.

"तुम्हाला खोकला आहे का हो?"

"मला? नाही."

खारूताई वळणावरून हसत आली. "ओढा ना बाबा! झोपलात का?"

मामाने दोर ओढला. वाळूचा खडा घशात गेला असेल पोरीच्या, असं त्याने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या टप्प्याआधी एक लांब, अरुंद पट्टा आहे. तळाशी घोटाभर साचलेलं पाणी. तिघं एका ओळीत चालत होते. छप, छप, छप. मामाला वीस वर्षांची सवय, तो कानाने माणसं मोजतो. तीन जणांच्या पावलांचा एक ठेका असतो.

तो ठेका चुकत होता.

मामाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तिघं थांबले.

छप... छप...

मग तेही थांबलं.

"प्रतिध्वनी," डॉक्टर म्हणाले. पण हळू म्हणाले.

खारूताईने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. फक्त पाण्यावर एक वर्तुळ पसरत पसरत तिच्या बुटांपर्यंत आलं.

तिथून पुढे मामाच्या लक्षात आलं, की घळीत काहीच आवाज नाही. कड्यांच्या खोबणीत पाकोळ्यांची घरटी असतात, त्यांचा किलबिलाट असतो. नव्हता. वर वारा घोंघावतो, तोही नव्हता. जणू कुणीतरी बोलणार आहे म्हणून सगळे गप्प बसले होते.

दुसरा टप्पा. एक, दोन, तीन... आणि खाकरणं.

तिसरा टप्पा. एक, दोन, तीन... आणि खाकरणं. या वेळी ते डॉक्टरांनीही ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"काका, आपण तिघंच आहोत ना?"

"तिघंच आहोत."

"मग हे कोण?"

मामाला उत्तर माहीत होतं, हेच त्याला सोसत नव्हतं. त्याने खारूताईचा हात धरला. "हे बघ, पुढच्या टप्प्याला मी शेवटी राहतो. तू आधी उतर."

"बाबा, तुमचा गुडघा सुजलाय. वर ओणवं व्हायला जमणार आहे का? कडी कोण तपासणार?"

"मी म्हणतो ना!"

"आणि मी नाही म्हणते ना!"

बाप तसा, लेक तशी. दोघांच्या हट्टापुढे कुणाचं काही चालत नाही. मामाचा जीव तुटत होता, पण खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते त्याने अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीला तर नाहीच.

म्हणून तो गप्प बसला. त्याचं हे गप्प बसणं मी अजून विसरलेली नाही.

शेवटचा टप्पा म्हणजे विहीर. सगळे त्याला विहीरच म्हणतात. चाळीस फूट खोल, तिन्ही बाजूंनी गोल, गुळगुळीत. बोटाला आधार मिळेल अशी एक चीर नाही. उतरलं, वळण घेतलं, की पुढे अर्ध्या तासाची सपाट वाट आणि घळ संपते.

अण्णा इथूनच गेले होते.

मामा उतरला. मागोमाग डॉक्टर उतरले. दोघं वळणाआड गेले. मामाने दोराचं टोक मनगटाला एक वेढा देऊन धरलं. एक वाजून वीस मिनिटं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं होतं, म्हणून वेळ नक्की माहीत आहे.

दोर ताणला गेला. हलला. मग सैल पडला. पाण्यात बूट टेकल्याचा आवाज आला.

"मोजा! एक!"

"दोन!"

मधे जरा वेळ गेला...

"तीन!"

खारूताईचाच आवाज. स्वच्छ. थोडा हसरा. 'मी' म्हणताना ती जशी शेवटी सूर वर नेते, तसाच वर गेलेला.

मामाने दोर ओढला.

सर्रर करत दोर कडीतून सुटला आणि वळणापलीकडे पाण्यात धपकन पडला. मामाने भराभर ओढून तो पायाशी गोळा केला.

"चल गं," त्याने हाक मारली.

आणि वरून आवाज आला. खूप वरून.

"बाबा? दोर का ओढलात? मी अजून वरच आहे!"

मामा धावत वळणापलीकडे गेला. विहिरीचा तळ रिकामा. कपार रिकामी. वर पाहिलं, तर चाळीस फुटांवर लेकीचं लाल हेल्मेट आणि तिचा गोंधळलेला चेहरा.

"तू तीन म्हणालीस ना?"

"मी? मी तर कडी तपासत होते! अजून दोराला हातसुद्धा लावला नव्हता!"

डॉक्टर मटकन दगडावर बसले. "मी ऐकलं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "शपथेवर सांगतो, तिचाच आवाज होता."

मामा त्यांचं ऐकत नव्हता. त्याला आठवत होतं की त्या 'तीन'च्या आधी, मधे जो जरासा वेळ गेला, त्यात...

कुणीतरी खाकरलं होतं. आणि तरीही त्याचे हात थांबले नव्हते.

जादा दोर मामाच्या बॅगेत होता. जादा दोर कायम पुढच्या माणसाकडे, ही त्यांची जुनी पद्धत. वर खारूताईकडे दीड वितीचे दोन पट्टे आणि अर्धी बाटली पाणी. मामाने दोराला दगड बांधून वर फेकायचा प्रयत्न केला. पंधरा फुटांवरून परत. पुन्हा फेकला. पुन्हा परत. डॉक्टरांनी फेकला. एकदा तर दगड त्यांच्याच खांद्यावर आदळला.

मग मामा कड्याला भिडला. सुजलेला गुडघा, अठ्ठावन्न वर्षांचं वय, आणि काचेसारखा दगड. दोन पुरुष उंची चढला आणि घसरला. पुन्हा चढला, घसरला. दोन नखं उखडली.

"बाबा, थांबा!" वरून खारूताई ओरडली. "मी ठीक आहे. डॉक्टरांना बाहेर पाठवा, ते माणसं घेऊन येतील. मी बसते इथे."

पोरगी शहाणी. तिचंच बरोबर होतं. मामा हो म्हणणार, एवढ्यात कड्यावरून एक ओघळ खाली आला.

बोटाएवढा. तांबूस. त्यात दोन काटक्या होत्या.

मामाने वर पाहिलं. आकाशाची रिबीन निळीशार होती. ढगाचा ठिपका नाही. पण त्या दिवशीही नव्हता. त्या दिवशीही आधी अशाच काटक्या आल्या होत्या.

"डॉक्टर, पळा."

"आणि तुम्ही?"

"अहो पळा! बाहेर जाऊन माणसं बोलवा! वळून बघू नका!"

डॉक्टर पळाले. त्यांचा दोष नाही. मीही पळाले असते.

विहिरीत आता बाप खाली आणि लेक वर. ओघळ मनगटाएवढा झाला.

"बाबा... पाणी आलंय. घोट्यापर्यंत."

"बाजूच्या कडेला चढ!"

"चढायला काही नाहीये. गुळगुळीत आहे सगळं."

"कडी धर! पट्ट्याने स्वतःला कडीला बांध!"

"बांधलंय." मग जरा वेळाने, लहानपणी अंधारात मारायची तशी हाक... "बाबा?"

"काय गं?"

"माझ्या मागे कुणीतरी उभं आहे."

मामा दोन पावलं मागे सरकला आणि त्याने मान ताणून वर पाहिलं.

"दिसत नाही कुणी. पण... खाकरतंय, बाबा."

तेव्हा मामा गुडघ्यावर आला. दुखऱ्या गुडघ्यावर, पाण्यात. आणि जे त्याने अकरा वर्षं पोटात ठेवलं होतं, ते लेकीच्या देखत, वर तोंड करून, जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं.

"दाजी! मी म्हणालो होतो! तो आकडा तुम्ही नव्हता म्हणालात, मी म्हणालो होतो!"

घडलं होतं ते असं. त्या दिवशी काटक्या आल्या. पाहुण्यांपैकी एक बाई रडायला लागली, दुसरा पाहुणा सगळं टाकून पळायच्या बेतात. मामाने मोजणी केली. एक, दोन, तीन. चौथा येईना. मामाला वाटलं, दाजी उतरलेत आणि नेहमीसारखे खाकरत बसलेत. घाई होती. त्याने तोंड फिरवून, आवाज जाड करून स्वतःच 'चार' म्हटलं. कॉलेजात दांडी मारणाऱ्या मित्राची हजेरी लावावी तसं. इतकं सहज. आणि दोर ओढला.

मग वरून हाक आली. रडारडीत पाहुण्यांना ती कळली नाही, मामाने ऐकली. "अरे, मी वरच आहे."

एकदाच. अण्णांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. खाली दोन पाहुणे आहेत आणि पाणी येतंय, हे त्यांना वरूनही कळत होतं. मामा त्या दोघांना घेऊन पळाला. चाळीस फुटांवर अण्णा रिकाम्या कडीपाशी उभे राहिले.

"मला घ्या!" मामा ओरडत होता. "दाजी, हात जोडतो, मला घ्या! तिने काय केलंय तुमचं? तुमच्या खांद्यावर बसून फिरलेली पोर आहे ती! तिला सोडा हो..."

पाण्याचा आवाज वाढत चालला होता. लांबून, दगड दळल्यासारखी घरघर यायला लागली. खारूताई रडत होती, आणि मामा म्हणतो, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंडावर हात दाबून रडत होती, तरी त्याला ऐकू येत होतं.

मग तिचं रडणं थांबलं.

"बाबा... कडीत दोर आहे."

मामाने पायाशी पाहिलं. पाहतो तर, गोळा केलेला दोर नव्हता. बॅगेतला दुसरा बाहेर काढलेला, तो तिथेच होता. पण ओढून घेतलेला दोर नव्हता.

तो कड्यावर लोंबत होता. दोन्ही टोकं खाली. कडीतून नीट ओवलेला.

"उतर! उतर, विचार करू नकोस!"

पाण्याच्या माऱ्यात ती उतरली. दोनदा भिंतीवर आपटली. तिचे पाय टेकले तेव्हा पाणी मामाच्या मांड्यांपर्यंत होतं. मामाने तिला छातीशी धरलं. तिचे दात वाजत होते.

"चला बाबा! चला ना!"

मामा हलेना.

त्याने दोराचं टोक हातात घेतलं होतं आणि तो वर बघत होता.

"थांब," तो म्हणाला. "अजून एक जण वर आहे."

"बाबा, वेड लागलंय का? कुणी नाहीये वर!"

"मोजणी झाली नाही अजून. एक." त्याने तिच्या दंडाला धरून हलवलं. "आकडा म्हण!"

"बाबा..."

"म्हण!"

डॉक्टर पुढे गेले होते. मामाने त्यांचा आकडा घेतला नाही. त्यांची जागा मोकळी सोडली, दोनाएवढा वेळ थांबला. मग खारूताई रडत म्हणाली, "तीन."

आणि मामा थांबला. पाणी कमरेपर्यंत. घरघर आता अगदी माथ्यावर आलेली. तो थांबला. त्या दिवशी थांबायला हवा होता, तेवढा थांबला.

अगदी जवळून, वरून नव्हे तर कपारीतून, कुणीतरी सावकाश खाकरलं...

आणि लोंढा आला.

खारूताईने बापाला कॉलरला धरून ओढत नेलं. वळणापुढे शंभर पावलांवर एक उंच पायरी आहे, तिच्यावर दोघं कसे चढले ते दोघांनाही आठवत नाही. मामाला एवढंच आठवतं, की आकडा आला नाही. खाकरणं झालं होतं. शब्द यायचा राहिला.

डॉक्टरांनी आणलेल्या माणसांनी अंधार पडायच्या आत दोघांना बाहेर काढलं.

नऊ दिवसांनी मामा आमच्याकडे आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो दाराजवळच्या बाकावर बसला आणि सगळं सांगितलं. मी काय केलं? उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. त्याने भरलेल्या फिया मला आठवत होत्या आणि मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता. अजूनही कधी कधी वाटतो. आणि तो आला नाही तर करमतही नाही.

आईने विचारलं, "दोराचं काय झालं?"

दोर तसाच कडीत सोडून ते पळाले होते. पाणी ओसरल्यावर खारूताईचे दोन मित्र घळीत जाऊन आले. कडी रिकामी होती. लोंढ्यात गेला असणार, असं सगळे म्हणाले. पण दोर त्यांना घळीच्या खालच्या तोंडाशी मिळाला. एका कोरड्या दगडावर. नीट गुंडाळलेला. शेवटाला तीन वेढे देऊन टोक आत खोचलेलं.

तीन वेढे अण्णा द्यायचे. बाकी सगळे दोन देतात.

वर राहिलेल्या माणसाला दोर घळीच्या तोंडाशी आणता येत नाही. तो खालून ओढावा लागतो. म्हणजे कुणीतरी खाली उतरलं, आणि मग त्याने तो ओढला.

हे मामा सांगत होता, तेव्हाच आम्ही तिघांनी ते ऐकलं. संध्याकाळचे साडेसहा, जिन्यात दिवासुद्धा लागलेला नव्हता. खालच्या मजल्यावर, जिन्याच्या पहिल्या वळणाशी...

कुणीतरी खाकरलं.

आई उठली आणि तिने दाराची कडी काढली.

तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी येतो. आम्ही तिघं बाकावर बसतो. मामा म्हणतो, एक. मी म्हणते, दोन. आई म्हणते, तीन. आणि आम्ही वाट पाहतो. आधी ते खाकरणं पहिल्या मजल्यावरून यायचं. मग दुसऱ्या. गेल्या आठवड्यात ते उंबऱ्याशी आलं. काल अगदी माझ्या पाठीमागे.

आकडा अजून आलेला नाही. तो आल्यावर काय होईल, मला माहीत नाही. अण्णा घरी यावेत असं मला अकरा वर्षं वाटत होतं. आता माझ्या मानेवरचे केस ताठ होतात आणि मी मागे वळून पाहत नाही.

आई भीत नाही. पण त्या वेळी ती दाराकडेही बघत नाही, माझ्याकडेही नाही. तिची नजर मामाच्या ओठांवर असते. पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगितलं होतं, "तू म्हणायचं नाहीस. कितीही वेळ लागू दे. त्यांचं त्यांना म्हणू दे."